परिचर्येचे बंद दार

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 30 सप्टेंबर व 1 ऑक्टोबर 2023 च्या दरम्यान चोवीस तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात अर्भके होती. पुढच्या दिवसभरात आकडा 31 वर गेला. मग सत्ताधाऱ्यांना जाग आली, आणि ती कशी? हिंगोलीच्या तत्कालीन खासदारांनी येऊन अधिष्ठात्यांच्या हाती झाडू दिला व त्यांच्याकडून स्वच्छतागृह साफ करवून घेतले. छायाचित्रे निघाली, गुन्हा नोंदला गेला, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधे पुरेशी होती की नव्हती यावर पुष्कळ काथ्याकूट झाला. परंतु कर्मचाऱ्यांच्या बदल्या झाल्यामुळे माणसे अपुरी पडत आहेत, हे जे अधिष्ठात्यांनी आरंभीच सांगितले होते, त्यासाठी एकही मोर्चा निघाला नाही. झाडूसाठी हात सापडले. रात्री दोन वाजता अर्भकाचा श्वास मोजणारे हात किती आहेत, याची चौकशी करण्याइतकी सवड पुढाऱ्यांपाशी नव्हती.

भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक असा की, अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी आणि अतिदक्षता कक्षात कृत्रिम श्वासावरील प्रत्येक रुग्णामागे एक. नांदेडच्या वा लातूरच्या सरकारी वॉर्डात आजारी माणसाच्या उशाशी ज्याने एक रात्र काढली असेल त्याला हा दंडक थट्टा वाटेल. परभणी, हिंगोली, यवतमाळ आणि सीमेपलीकडचा तेलंगण येथून रुग्ण नांदेडला येतात. खाटा मंजूर किती हे भिंतीवर लिहिलेले असते, रुग्ण जमिनीवरही असतात. या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले. त्यांपैकी दोघांची नावे दोन्ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांवर कोरलेली आहेत. मात्र नावाच्या पाटीने कोणाचा ताप उतरत नाही.

आता दुसरे चित्र पाहावे. ‘लातूर पॅटर्न’ची कीर्ती ऐकून राज्यभरातून मुले लातुरात येतात. नांदेडनेही तोच धंदा उचलला आहे. बाप एकरभर जमीन गहाण टाकतो, मुलगी दोन-तीन वेळा नीटला बसते, वैद्यकीय जागा मिळत नाही, मग ती प्राणिशास्त्रात वा रसायनशास्त्रात बी.एस्सी. होते. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून अशा पदव्या दरसाल वाटल्या जातात. पुढे तलाठी भरती, पोलीस भरती, अभ्यासिकेतली खुर्ची आणि वाढते वय. शरीररचना, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र यांची तोंडओळख झालेली ही तरुण माणसे एका बाजूला बेकार, आणि त्याच गावातल्या रुग्णालयात माणसांचा दुष्काळ. या दोहोंच्या मध्ये एक दार आहे आणि ते सरकारने बंद ठेवले आहे.

हे दार बंद कसे, ते नीट समजून घेतले पाहिजे. पदवीधर मुलीला परिचारिका व्हावयाचे असेल तर तिला बारावीच्या मुलींबरोबर पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. तीन वर्षांची पदविका किंवा चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग, पहिल्या वर्षापासून. तिची आधीची तीन वर्षे शून्य. दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम आहे, तो आधीच परिचारिका असलेल्यांसाठी. एम.एस्सी. नर्सिंग आहे, तेही परिचर्येतल्या पदवीनंतर एक वर्षाचा अनुभव असणाऱ्यांसाठी. इतर शाखेच्या पदवीधराला आत घेणारी एकही पायरी नाही. चोविसाव्या वर्षी आणखी चार वर्षे बापाच्या जिवावर शिकणे शेतमजुराच्या मुलीला परवडणारे नाही, हे मुंबईत बसून नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक नसावे, किंवा ठाऊक असूनही त्यांना त्याची फिकीर नसावी.

इंग्लंडात असे दार उघडे आहे. तेथे कोणत्याही शाखेचा पदवीधर, पूर्वीच्या शिक्षणाची गणना करून, दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाने प्रौढ रुग्णांचा नोंदणीकृत परिचारक होऊ शकतो. एकंदर 4600 तासांचे शिक्षण तिथे आखलेले, त्यातले निम्मे प्रात्यक्षिकाचे. पूर्वीच्या पदवीची सवलत मिळते ती प्रामुख्याने पुस्तकी भागात, आणि सुट्ट्या कापून वर्ष भरून काढले जाते. अर्थात त्या देशाचे सगळेच अनुकरणीय नाही. हुजूर पक्षाच्या सरकारने 2017 पासून परिचर्येच्या विद्यार्थ्यांचे सरकारी विद्यावेतन काढून घेऊन त्यांना कर्जाच्या हवाली केले. अर्ज धडाधड घटले, विशेषतः वयाने मोठ्या उमेदवारांचे, आणि 2020 मध्ये त्याच पक्षाला वार्षिक 5000 पौंडांचे अनुदान पुन्हा सुरू करावे लागले. अभ्यासक्रम कितीही आटोपशीर केला तरी शिकणाऱ्याच्या पोटाची सोय नसेल तर गरीब माणूस त्यात येत नाही, हा धडा त्या देशाने स्वतःच्या रुग्णांच्या खर्चाने घेतला.

आपल्याकडचे कारभारी काय करतात? केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये 1570 कोटी रुपयांची 157 परिचर्या महाविद्यालये मंजूर केली. अट अशी की ती 2014 नंतर स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांशेजारीच होतील. नांदेडचे महाविद्यालय 1988 चे, लातूरचे 2002 चे. म्हणजे जुन्या महाविद्यालयांतल्या रुग्णांना परिचारिका लागत नाहीत असा काहीसा वैद्यकीय शोध लागला असावा! राज्य सरकारची तऱ्हा याहून न्यारी. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्या यादीत परिचारिकाही आहेत, आणि उमेदवारांना जर्मन भाषा सरकारी खर्चाने शिकवण्याचे ठरले. कोणी परदेशी जाऊन चार पैसे मिळवत असेल तर त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण श्टुटगार्टच्या वृद्धांसाठी ज्या तिजोरीचे कुलूप उघडते ते विष्णुपुरीच्या अर्भकांसाठी का अडते, याचे उत्तर मिळाले पाहिजे.

या मागणीला परिचारिकांच्या संघटनांतून विरोध होण्याचा संभव आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. 2022 च्या मे महिन्यात बाह्यस्रोतांद्वारे कंत्राटी भरतीविरुद्ध राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या होत्या. दोन वर्षांत तयार झालेली फौज आणून कंत्राटदार आमची पदे खाईल ही त्यांची भीती अनुभवातून आलेली आहे. रुग्णसेवा ही बाईची, त्यातही खालची मानलेल्या जातीतल्या बाईची चाकरी, असा समज या समाजात खोल रुजला आहे; तिचे वेतन म्हणूनच तोडता येते. तेव्हा लघु अभ्यासक्रमाची मागणी कायम पदांच्या मागणीपासून सुटी करून मांडणे म्हणजे शिक्षणसम्राटांच्या हाती नवे दुकान देणे होय. दाराला ‘त्वरित पदवी’ची पाटी लावून लाखोंचे शुल्क उकळणारे इथे कमी नाहीत.

म्हणून मागणी अशी असली पाहिजे: विज्ञान शाखेच्या पदवीधरांसाठी सलग दोन वर्षांचा पदव्युत्तर परिचर्या अभ्यासक्रम, आणि तो आरंभी नांदेड व लातूरच्या शासकीय महाविद्यालयांतच, प्रात्यक्षिकाचा एकही तास न कापता, पूर्ण विद्यावेतनासह, आणि उत्तीर्ण होणाऱ्यास मंजूर कायम पदावर नेमणूक. कायद्याची अडचण आहे. आपली नोंदणी परिचारिका आणि प्रसाविका अशी जोड असते, केवळ प्रौढ रुग्णांची वेगळी नोंदणी नाही. पण 1947 च्या जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संसदेने 2023 मध्येच संमत केला आहे. नियम घडवण्याचा हाच काळ आहे.

तोवर दोन्ही जिल्ह्यांतल्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकाराचा एक अर्ज करावा. अधिपरिचारिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांतली कंत्राटी किती, आणि मागच्या महिन्यात प्रत्येक कक्षात रात्रपाळीला प्रत्यक्ष किती जणी हजर होत्या. शेवटचा प्रश्न गाळू नये; तो गाळला तर उत्तर कागदावर नेहमीच समाधानकारक येते.