व्हायरसवरची गोळी : कोणाला आणि केव्हा?

“डॉक्टर, कोरोनात दिली होती ती व्हायरसवरची गोळी द्या ना!” हवा पालटली की ही मागणी हमखास ऐकू येते. म्हणून थोडे स्पष्ट लिहितो.

ती गोळी म्हणजे फॅविपिराविर. जपानमध्ये २०१४ साली तिला मान्यता मिळाली; तीही नव्या प्रकारच्या फ्लूची साथ आली आणि इतर औषधे चालली नाहीत, तरच वापरण्यासाठी. आपल्याकडे जून २०२० मध्ये ती कोरोनासाठी आली. एक गोळी १०३ रुपयांची, आणि पहिल्याच दिवशी १८ गोळ्या! लोकांनी उसनवारी करून घेतल्या. आम्ही डॉक्टरांनी, माझ्यासकट, त्या लिहून दिल्या. पुढे मोठ्या चाचण्यांत तिचा ठोस फायदा दिसला नाही. शिवाय गर्भाला अपाय होण्याचा धोका असल्याने गरोदर स्त्रियांना ती वर्ज्य आहे.

अमँटाडिनची गोष्ट याहून जुनी. फ्लूसाठी अमेरिकेत १९६६ साली ते मान्य झाले. पुढे विषाणू त्याला दाद देईनासे झाले. आज ते कंपवातासाठी वापरतात, फ्लूसाठी नाही.

मग उपयोगी काय? २००९ च्या स्वाइन फ्लूपासून आपल्या परिचयाचे झालेले ऑसेल्टामिविर. पेशीत तयार झालेल्या फ्लूच्या नव्या विषाणूंना ते बाहेर पसरू देत नाही. पण लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केले तरच त्याचा पुरता फायदा. धडधाकट माणसाचा आजार त्याने जेमतेम एखाद्या दिवसाने कमी होतो. साध्या सर्दीचे विषाणू निराळे; त्यांवर ते चालतच नाही. प्रतिजैविके तर कोणत्याच विषाणूवर चालत नाहीत.

दुर्दैवाने आपल्याकडे सगळे उलटे घडते. पंचविशीतला तरुण पहिल्याच दिवशी महागडी गोळी मागतो. त्याला विश्रांती, भरपूर पाणी आणि तापासाठी पॅरासिटामॉल पुरे असते. घरातल्या मधुमेही आजी मात्र “होईल बरे” म्हणत काढा घेत राहतात आणि पाचव्या दिवशी धाप लागल्यावर रिक्षातून येतात. तोवर औषधाची वेळ बरीचशी टळलेली असते.

म्हणून गरोदर स्त्रिया, वृद्ध, अगदी लहान मुले, तसेच दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांना जोराचा ताप, खोकला आणि अंगदुखी सुरू झाली, तर पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टरांना दाखवा. दम लागणे, ओठ निळे पडणे, ग्लानी येणे यांपैकी काही दिसल्यास कोणत्याही वयात थेट रुग्णालय गाठा. आणि मागच्या साथीतल्या उरलेल्या गोळ्या घरच्या घरी मुळीच घेऊ नका.