कंसातला फ्रान्स

पुण्यात सत्तावीस वर्षं मी फ्रेंच शिकवली. वर्गातल्या नकाशावर ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला एक लांबट बेट होतं, न्यू कॅलेडोनिया, आणि नावापुढे कंसात फ्रान्स. मुलं त्या कंसाबद्दल विचारायची. मग मी जाँ-मारी चिबाऊंची हकिकत सांगायचे.

चिबाऊ कनाक, म्हणजे तिथले मूळचे. जन्म १९३६चा, येंगेनजवळच्या डोंगरातल्या खेड्यात. कॅथलिक धर्मगुरू झाले, फ्रान्सला जाऊन मानववंशशास्त्र शिकले आणि धर्मगुरूपद सोडलं. १९७५ मध्ये त्यांनी राजधानी नूमेआत कनाक कलांचा महोत्सव भरवला. आधी आपल्या माणसांना ताठ उभं करायचं, राजकारण त्यानंतर. १९७७ मध्ये येंगेनचे महापौर झाले, १९८४ मध्ये स्वातंत्र्यवादी आघाडीचे नेते.

त्याच वर्षी ५ डिसेंबरच्या रात्री बैठकीहून परतणाऱ्या कनाकांवर वसाहतवाल्यांनी दबा धरून गोळ्या झाडल्या. दहा जण गेले. त्यांत चिबाऊंचे दोन भाऊ. आघाडीनं रस्त्यांवर घातलेले अडथळे काढायचं आधी ठरलं होतं. चिबाऊंनी तो शब्द फिरवला नाही. पुढे आरोपी निर्दोष सुटले. १९८८ मध्ये उवेआ बेटावर कनाक तरुणांनी चार जवान मारले, बाकीच्यांना ओलीस धरलं. फ्रेंच सैन्याच्या कारवाईत १९ कनाक मेले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत चिबाऊंनी पॅरिसमध्ये स्वातंत्र्यविरोधी गटाचे जाक लाफ्लर यांच्याशी करार करून हात मिळवला.

“बाई, भाऊ मारल्यावरसुद्धा?” एका मुलीनं विचारलं होतं. मला उत्तर देता आलं नाही.

४ मे १९८९ला उवेआच्या मृतांना आदरांजली वाहायला ते गेले. तिथे करार न पटलेल्या एका कनाकानंच त्यांना आणि सहकारी येवेने येवेने यांना गोळ्या घातल्या.

त्या हात मिळवण्यातूनच १९९८चा नूमेआ करार आला आणि त्यात मतदारयादीला मर्यादा घातली गेली. का, तर १९७२ मध्ये फ्रान्सचे पंतप्रधान मेस्मेर यांनीच लिहून ठेवलं होतं की बाहेरून माणसं आणून वसवली तर कनाकांची मागणी दबेल. स्वातंत्र्यावरचं २०२१चं सार्वमत मात्र कनाक कोविडच्या सुतकात असताना उरकलं गेलं. त्यांनी बहिष्कार टाकला, मतदान जेमतेम ४४ टक्के झालं आणि पॅरिसनं विषय संपल्याचं धरलं. २०२४ मध्ये यादी सैल करायला घेतली, तेव्हा बेट पेटलं, डझनाहून जास्त माणसं मेली. मग तो बदल मागे घेतला. कनाकांच्या संमतीवाचून त्या यादीला हात लावायचा अधिकार पॅरिसला नाही, असं माझं ठाम मत आहे.

२००४ मध्ये चिबाऊ, येवेने आणि मारेकऱ्याच्या कुटुंबांनी कनाक रिवाजानुसार समेट केला. चिबाऊंचा मुलगा इमान्युएल जुलै २०२४ मध्ये फ्रान्सच्या संसदेवर निवडून गेला. नकाशातला कंस तसाच आहे.