हमीदचा दाखला

१५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारी जवळ आली की आमच्यापैकी कुणाला तरी भाषणाचे आमंत्रण येते. विषय ठरलेला : राष्ट्रभक्त मुसलमान. आणि मग अब्दुल हमीदचा दाखला दिला जातो. मराठीत दाखला या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे उदाहरण, दुसरा तहसील कचेरीतून मिळतो तो. सभेत दिला जातो तो दुसरा, आणि आमचे भांडण त्याच्याशी आहे.

हमीद यांनी केले काय, हे त्या भाषणांत कधीच नसते. सप्टेंबर १९६५. पंजाबातले खेमकरण, चिमा गावाजवळची शेते. धामूपूर, जिल्हा गाझीपूर इथला, आधी शिंपीकाम केलेला हा माणूस तेव्हा ४ ग्रेनेडियर्समध्ये कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होता. समोर पॅटन रणगाडे, हाताशी जीपवर बसवलेली १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ. या तोफेला मागे धक्का बसत नाही, कारण स्फोटाचा वायू ती पाठीमागून बाहेर टाकते. पण त्यामुळेच मागे ज्वाळा आणि धुळीचा लोट उठतो, आणि तोफ कुठे आहे ते शत्रूला दिसते. म्हणजे गोळा टाकायचा आणि उलट मारा यायच्या आत जीप हलवायची. जीपला चिलखत नाही. हमीद जागा बदलत राहिले, रणगाडे फोडत राहिले. १० सप्टेंबरला एका रणगाड्याने त्यांना हेरले आणि त्याचा गोळा जीपवर आला. परमवीर चक्र मरणोत्तर मिळाले.

यात नजर आहे, सराव आहे, हिशेब आहे, छाती आहे. वक्ते मात्र म्हणतात, ‘मुसलमान असूनही!’ सगळे विष या ‘असूनही’त आहे.

कारवारजवळच्या चेंदियाचे रामा राघोबा राणे १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग काढत, अडथळे फोडत रणगाड्यांना वाट करून देत होते. त्यांनाही परमवीर चक्र मिळाले. त्यांची जात सांगून कुणी त्यांच्या समाजाची हमी देते काय? तारापोर पारशी होते, अल्बर्ट एक्का ख्रिस्ती आदिवासी. परमवीर चक्राचा आराखडा केला तो जन्माने युरोपीय असलेल्या, मराठी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झालेल्या सावित्रीबाई खानोलकर यांनी. तो मागून घेताना त्यांच्या निष्ठेचा पुरावा कुणी मागितला नाही, आणि ते योग्यच झाले.

सच्चर समितीने सैन्यातल्या मुसलमानांची संख्या विचारली तेव्हा, २००६ च्या सुमारास, केवढा गहजब झाला! सैन्याची धर्मावर मोजदाद नको, म्हणाले. कबूल. मग जिवंत जवान मोजायचा नाही आणि शहीद तेवढा मोजायचा, हा कुठला न्याय?

आमचे पुढारीही यात मागे नाहीत. गावात तणाव झाला, शांतता समिती बसली, की हे हमीदची तसबीर पुढे करतात, जणू घर झडतीला आलेल्या शिपायाला रेशनकार्ड दाखवावे. मोहल्ल्यातल्या किती पोरांना यांनी भरतीचा अर्ज भरून दिला, किती जणांना पहाटे मैदानावर पळवले, ते विचारा. बाकी वर्षभर ती तसबीर कपाटावर असते.

बरे, हा दाखला चालतो तरी का? तीस वर्षे सैन्यात काढलेल्या आसामातल्या एका निवृत्त मुसलमान सैनिकाला २०१९ साली परदेशी ठरवून स्थानबद्धता केंद्रात टाकले. जामिनासाठी त्याला उच्च न्यायालयात जावे लागले. त्याची तर स्वतःची नोकरी होती, उसना हमीद नव्हता!

खुद्द हमीद यांचेच पाहा. २०२४ साली एनसीईआरटीच्या सहावीच्या अभ्यासक्रमात त्यांच्यावर धडा आला. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांच्याच धामूपूरच्या शाळेच्या दारावरचे त्यांचे नाव रंगरंगोटीत गेले. घरच्यांनी तक्रार केली, गवगवा झाला, मग ते पुन्हा लिहिले.

तो धडा शिकवणाऱ्या गुरुजींना आमची एकच विनंती आहे. हमीद कोणत्या धर्माचे, हे मुलांना नावावरून कळेल. तोफ उडाल्यावर जीपच्या मागे धूळ का उठते, ते फळ्यावर काढून दाखवा.