चार हातांचा पुतळा

मराठी माणूस झाशीला जातो तो राणीसाठी. किल्ला, राणीमहाल, 1842 साली मनकर्णिकेचे, म्हणजे राणीचे, लग्न लागले ते गणेश मंदिर, तिच्या पतीची, गंगाधररावांची छत्री, एवढे उरकले की परतीची गाडी गाठायची घाई. रुळांपलीकडचा सीपरी बाजार कुणाच्या यादीत नसतो. वास्तविक या नावाशी आपले जुने नाते आहे. सीपरी म्हणजे आजची शिवपुरी. तात्या टोप्यांना 18 एप्रिल 1859 रोजी फाशी दिले ते तिथेच. पण ते असो. या बाजाराच्या गर्दीतून, ई-रिक्षांना चुकवत, जरा मान वर केली की टेकडीवर पुतळ्याच्या रूपात हॉकीपटू मेजर ध्यानचंद दिसतात. झाशीकरांचे ‘दद्दा’.

गंमत अशी की, या पुतळ्यापेक्षा जास्त गाजला तो त्यांचा व्हिएन्नातला पुतळा. चार हात आणि चार हातांत चार स्टिक! 29 ऑगस्टला, म्हणजे ध्यानचंदांच्या जयंतीला, राष्ट्रीय क्रीडा दिन साजरा होतो; त्या दिवशी भाषणांतून आणि व्हॉट्सॲपवरून हा पुतळा हमखास उभा राहतो. व्हिएन्नात मात्र तो आजवर कुणाला सापडलेला नाही. सापडणार तरी कसा? ही कल्पना त्या शहराची वाटतच नाही. माणूस फार मोठा झाला की त्याचे हात वाढवायचे, ही रीत आपल्या देव्हाऱ्यातली. शिवाय चार स्टिक घेऊन मैदानात उतरलेल्या खेळाडूला पंचाने पहिल्याच मिनिटाला बाहेर काढले असते, हे वेगळेच.

खुद्द ध्यानचंदांना इतक्या हातांची गरज नव्हती. 1928, 1932 आणि 1936 अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके त्यांनी मिळवली. तरीही आपला सर्वोत्तम सामना कोणता, हे सांगताना ‘गोल’ या आत्मचरित्रात त्यांनी ना ॲमस्टरडॅमचे नाव घेतले, ना बर्लिनचे. त्यांनी सांगितला तो 1933चा, कलकत्त्यातला बेटन चषकाचा अंतिम सामना. समोर कलकत्ता कस्टम्स आणि आपला संघ झाशी हीरोज, म्हणजे गावचा क्लब! जगज्जेत्याला गावची टीम आठवली. गावाबाहेरच्या आपल्याला आठवतो तो परदेशातला, नसलेला पुतळा. कौतुकावर परदेशी शिक्का असल्याशिवाय आपले समाधान होत नाही.

दद्दांच्या नावाची उणीव तशी कुठेच नाही. दिल्लीच्या स्टेडियमला ते आहे, 2021 पासून खेलरत्न पुरस्कारालाही आहे. नाव द्यायला फारसा खर्च येत नाही. नाव दिल्लीत असले तरी दद्दा अखेर गावीच परतले. 3 डिसेंबर 1979 रोजी त्यांचे दिल्लीत निधन झाले; अंत्यसंस्कार मात्र झाशीत, हीरोज मैदानावर झाले.

तेव्हा पुढच्या खेपेला किल्ला पाहून झाला की तासभर राखून ठेवा आणि रूळ ओलांडून सीपरी बाजाराकडे या. टेकडीवरच्या दद्दांना हात दोनच आहेत. हवे तर मोजून घ्या.