जुन्या गाडीचे ब्रेक आणि बिननावाची रबरं

कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी बंद होऊन दोन दशकं उलटली. ॲम्बेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. उरलेल्या गाड्या बऱ्याच अंशी नक्कल करून बनवलेल्या सुट्या भागांवर चालतात आणि त्यांतले कितीतरी भाग टाकाऊ असतात. दरवाजाचं हँडल तुटलं तर गैरसोय होते, एवढंच. पण व्हील सिलिंडरच्या रबराचं मिश्रण चुकलं, तर ते ब्रेक ऑइलमध्ये फुगतं, अडकतं किंवा गळू लागतं. हा दोष दुकानात दिसत नाही, पेडल तळाला टेकल्यावर कळतो.

गिऱ्हाईक मोजकं, मग चांगला माल परवडणार कसा, असं उत्पादक म्हणतील. क्रोमच्या पट्टीबाबत ते मान्य. ब्रेकबाबत मुळीच नाही, कारण तिथली किंमत रस्ता ओलांडणारा माणूसही मोजतो. शिवाय योग्य रबर दुर्मीळ नाही, आजच्या गाड्यांत ते सर्रास वापरलं जातं. गिऱ्हाईकच स्वस्त मागतं, हेही अर्धंच खरं. दोन पाकिटांतला फरक कळायला पाकिटावर काही छापलेलं तर हवं! दुचाकीच्या हेल्मेटला २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या प्रत्येक सुट्या भागावर, गाडी कितीही जुनी असो, उत्पादकाचं नाव, साहित्याचा प्रकार आणि तारीख छापणं सरकारने बंधनकारक करावं.