आजींचा गुडघा आणि चिनी मालीश

कुळगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या आजींचे गुडघे काही वर्षांपासून दुखतात. बदलापूर स्टेशनचा पूल चढताना त्या दर चार पायऱ्यांनी कठडा धरून थांबतात. मध्यंतरी एका मालीशवाल्याने त्यांना सांगितले, "ही हजारो वर्षांची चिनी विद्या आहे. गुडघ्याची झीज भरून येईल. तोवर चालणे बंद ठेवा." दहा वेळा मालीश झाली. आजींना बरे वाटले. पण महिन्याभरात दुखणे परतले आणि चालणे सुटल्याने मांड्यांतले बळही गेले.

मग ही विद्या खोटी म्हणायची का? इतकी घाई नको. चीनमध्ये या मालिशीला 'तुईना' म्हणतात. 'तुई' म्हणजे ढकलणे, 'ना' म्हणजे पकडणे. चिनी म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातील डॉ. बसू यांनी पुढे तिथली सुया टोचण्याची उपचारपद्धती भारतात आणली. मात्र प्राचीन म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवण्याचेही कारण नाही.

आधी गुडघा समजून घेऊ. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे ते झिजले की सहसा भरून येत नाही. वरून चोळून तर नाहीच. त्यात मज्जातंतूही नसतात. वेदना येते ती भोवतालच्या हाडांतून, सांध्याच्या आवरणातून आणि ताठरलेल्या स्नायूंतून. मालिशीने स्नायू सैलावतात. शिवाय स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात, अशी कल्पना मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडली. कोपर आपटले की आपण ते चोळतोच ना? तसेच हे!

तुम्ही म्हणाल, "आजींना बरे वाटले, हा पुरावा नव्हे काय?" नाही. हे दुखणे भरती-ओहोटीसारखे कमीजास्त होते. माणूस उपचाराला धावतो तो भरतीच्या वेळी. पुढे बहुधा ओहोटी येतेच! म्हणून तुलना हवी. अमेरिकेत २२२ रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, तीन गट केले. एका गटाला स्वीडिश पद्धतीची मालीश, दुसऱ्याला नुसता हलका स्पर्श, तिसऱ्याला नेहमीचेच उपचार. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठ आठवड्यांनी मालीशवाला गट पुढे होता. वर्षअखेरीस गटांत ठळक फरक उरला नाही.

म्हणून माझे मत असे : आराम म्हणून मालीश जरूर घ्यावी; झीज भरून येईल या आशेने पैसे मोजू नयेत. आणि तिच्यासाठी व्यायाम तर मुळीच सोडू नये. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, चालणे आणि वजन आटोक्यात ठेवणे यांच्या बाजूचा पुरावा अधिक भक्कम आहे. गुडघा लाल, गरम आणि सुजलेला असेल, तर मालीश नको. आधी डॉक्टरांना दाखवावे.

तुम्हीही एक काम करा. छातीशी हात बांधून आजी खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा उठतात, ते दर आठवड्याला वहीत नोंदवा. आजींना तोल सांभाळायला तुम्ही शेजारी उभे राहा. आणि कोणी चमत्काराची हमी दिली, तर नम्रपणे विचारा, "काका, तुलना कशाशी केली होती?"