घरचा हिशेब : डिझेलची वही

आपल्या वस्त्यांतून हल्ली पिकअप गाड्या बऱ्याच दिसतात. कोणाकडे 'छोटा हत्ती', कोणाकडे बोलेरो पिकअप. कोणी भाजीपाला वाशीच्या बाजारात पोचवतो, कोणी मंडपाचे सामान नेतो, कोणी कारखान्याचा माल वाहतो. काहींनी कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली आहे, बरेच जण दुसऱ्याच्या गाडीवर चालक आहेत. पण दोन्ही घरांत तक्रार एकच : 'भाडे मिळते, पण हाती काही उरत नाही. सगळे डिझेलच खाते.'

अशा घरात आम्ही एक साधा प्रश्न विचारतो. गाडी अ‍ॅव्हरेज किती देते? उत्तर येते, 'देते की अकरा-तेरा.' अकरा की तेरा? 'आता ते अंदाजेच.'

वाचकहो, किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीतली ओळ न् ओळ आपण तपासतो. साखरेचे दहा रुपये जास्त लागले तर परत जाऊन विचारतो. आणि महिन्याला वीस हजारांच्या वर डिझेल जळते, ते मात्र अंदाजावर! हे बरोबर नाही. डिझेलच्या दरावरचे सरकारी नियंत्रण ऑक्टोबर २०१४ मध्ये उठले आणि १६ जून २०१७ पासून दर रोज बदलण्याची पद्धत आली. दर काही आपल्या हातात नाही. एका लिटरमध्ये गाडी किती धावते, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. त्यासाठी पहिले साधन म्हणजे एक दहा रुपयांची वही.

वही कशी ठेवावी ते सांगतो. आज टाकी फुल्ल करा. पंपाचे नोझल पहिल्यांदा 'खट' करून थांबले की तिथेच थांबा, वरून आणखी ओतू नका. किलोमीटरचा आकडा लिहून घ्या. मग रोजचे काम करा. पुढच्या वेळी पुन्हा टाकी फुल्ल करा. शक्यतो त्याच पंपावर, गाडी सपाट जागी उभी करून, आणि पुन्हा पहिल्या 'खट'लाच थांबून. मधल्या काळात थोडे थोडे डिझेल टाकले असेल तर तेही लिटरमध्ये मिळवा. नुसते 'पाचशेचे टाकले' असे लिहून चालत नाही, कारण रुपयांवरून अ‍ॅव्हरेज निघत नाही.

एक उदाहरण घेऊ. पहिल्या वेळी आकडा होता ४८,२१०. दुसऱ्या वेळी ४८,७८२. म्हणजे गाडी ५७२ किलोमीटर धावली. दुसऱ्या वेळी टाकीत ४४ लिटर बसले. ५७२ भागिले ४४, उत्तर १३. हे खरे अ‍ॅव्हरेज. एका वेळच्या आकड्यावर मात्र निकाल देऊ नका. टाकी भरण्यात एक-दोन लिटरचा फरक सहज पडतो. चार वेळांचे सगळे किलोमीटर एकत्र करा, सगळे लिटर एकत्र करा आणि मग भागाकार करा. नव्या गाड्यांत समोरच्या पडद्यावर अ‍ॅव्हरेज दिसते, तेही वहीशी ताडून पाहावे.

वहीत तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये आणि शेरा असे पाच रकाने पुरेत. शेऱ्यात दोन शब्द लिहायचे : 'माल जास्त', 'घाट', 'रिकामी फेरी', 'फिल्टर बदलला'. हे काम घरातल्या आठवी-नववीच्या मुलीकडे किंवा मुलाकडे द्यावे, असे आम्ही सुचवतो. शाळेतल्या भागाकाराचा घरात उपयोग होतो आणि वडिलांच्या कमाईचा एकेक रुपया कसा येतो हे मुलांनाही कळते.

आता अकरा आणि तेरा यांतला फरक किती, ते पाहू. सोयीसाठी डिझेल ९० रुपये लिटर धरू आणि गाडी महिन्याला ३,००० किलोमीटर धावते असे समजू. तेराच्या अ‍ॅव्हरेजने सुमारे २३१ लिटर लागतील, अकराच्या अ‍ॅव्हरेजने सुमारे २७३. फरक ४२ लिटरचा, म्हणजे ३,७८० रुपये. 'अकरा-तेरा' म्हणून आपण ज्यावरून हात झटकतो, ती रक्कम ही आहे. एवढ्यात एखाद्या मुलाची शिकवणी होते, नाहीतर गाडीच्या हप्त्याला हातभार लागतो.

जे बांधव दुसऱ्याच्या गाडीवर चालक आहेत, ते म्हणतील, 'डिझेल मालकाचे, आम्हाला काय त्याचे?' आम्ही म्हणतो, वहीची गरज तुम्हालाच अधिक आहे. अ‍ॅव्हरेज उतरले की मालकाचा पहिला संशय चालकावर जातो. 'डिझेल विकलेस' हे दोन शब्द ऐकून कामावरून घरी बसलेली माणसे आपल्या ओळखीत आहेत. तोंडी शपथा घेऊन असा आळ पुसला जात नाही. पण सहा महिन्यांची वही समोर ठेवली, त्यात पंपाच्या पावत्या चिकटवलेल्या असल्या, कोणत्या आठवड्यात घाटाच्या फेऱ्या झाल्या आणि कोणत्या आठवड्यात जादा माल भरला हे लिहिलेले असले, तर बोलणाऱ्याला विचार करावा लागतो. गरीब माणसाचा प्रामाणिकपणा कागदावर असलेला बरा.

पंपावरही डोळे उघडे ठेवावेत. नोझल टाकीत जाण्यापूर्वी यंत्रावर शून्य पाहावे. मापाची शंका आली तर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप पंपावर असते, त्यात मोजून दाखवा असे सांगावे. तो ग्राहकाचा हक्क आहे. त्यात भांडण करण्यासारखे काही नाही आणि लाजण्यासारखेही काही नाही.

वही सुरू झाली की अ‍ॅव्हरेज वाढवायचे कसे, याकडे वळता येते. पहिली गोष्ट टायरची हवा. दरवाजाजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात हवेचा आकडा दिलेला असतो, भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असू शकतो. आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना हवा तपासावी. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, गाडी ओढायला इंजिनाला जास्त जोर लागतो आणि टायरही लवकर झिजतो.

दुसरी गोष्ट वेग. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साठऐवजी ऐंशीने गेलो तर तो अडथळा पावणेदोन पटीहून जास्त होतो. उंच रचलेल्या मालावर सैल ताडपत्री फडफडत असेल तर त्यात आणखी भर. ताडपत्री घट्ट बांधावी आणि मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये पन्नास-साठचा वेग धरावा.

तिसरी गोष्ट, गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवणे. बाजारातल्या रांगेत आणि माल उतरवताना इंजिन घुरघुरत राहते. पिकअपचे डिझेल इंजिन असे उभ्या उभ्या तासाला अर्धा लिटर तरी सहज पिते. रोज एक तास धरला तर महिन्याच्या २६ दिवसांत १३ लिटर झाले. ९० च्या भावाने ११७० रुपये, तेही एक किलोमीटर न धावता! मात्र चढ चढून आल्यावर टर्बो इंजिन एखादे मिनिट चालू ठेवून मगच बंद करावे.

चौथी गोष्ट, दुरुस्ती. धुळीने भरलेला एअर फिल्टर आणि अडकलेला ब्रेक हे अ‍ॅव्हरेजचे छुपे शत्रू. सपाट रस्त्यावर फारसा ब्रेक न मारता गाडी चालवून थांबवा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या, हात लावू मात्र नका. एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापलेले वाटले तर त्याचा ब्रेक धरत असेल. मेकॅनिकला 'गाडी डिझेल खाते' एवढेच सांगण्यापेक्षा 'अमुक तारखेपासून तेराचे अकरा झाले' असे सांगितले तर त्यालाही दोष लवकर सापडतो. जादा माल भरण्याचेही तसेच. डिझेल जळते, ब्रेक आणि पाटे खराब होतात आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये.

आता सर्वांत महत्त्वाचे. हे घरातल्या बायामाणसांनीही वाचावे. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची, काही जण तर इंजिनच बंद करतात, आणि म्हणतात, 'डिझेल वाचते.' आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतारावर इंजिनाला जाणारे डिझेल जवळजवळ बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतेच. म्हणजे बचत गिअरमध्ये आहे, न्यूट्रलमध्ये नाही. आणि धोका केवढा! इंजिनाचा रोध गेला की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतो आणि तापलेला ब्रेक धरत नाही. इंजिन बंद केले तर दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा घट्ट होतो, पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने कित्येक गाड्यांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे तेव्हा प्राथमिक तपासात पुढे आले होते. कसारा घाट असो की खंडाळ्याचा, ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. वाचलेल्या पावशेर डिझेलवर कोणाचे घर उभे राहत नाही, पण एका अपघाताने उभे घर कोसळते.

शेवटी एक सूचना. अ‍ॅव्हरेज वाढवणारी चुंबके, गोळ्या, टाकीत ओतायच्या बाटल्या विकणारे पुष्कळ भेटतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी कित्येक साधने तपासली आणि बहुतेकांचा काहीच उपयोग दिसला नाही. तुमच्याकडे कोणी आला तर त्याच्यापुढे वही ठेवा आणि म्हणा, 'महिनाभर लावून बघतो. आकडा वाढला तर पैसे देतो.' तो बहुधा चहासुद्धा न घेता निघून जाईल.

येत्या रविवारी टाकी फुल्ल करा आणि पहिली ओळ लिहा. पहिल्या महिन्यात काहीही बदलू नका, फक्त लिहा. दुसऱ्या महिन्यात टायरची हवा आणि उभ्या गाडीचे इंजिन या दोनच गोष्टी सांभाळा. तिसऱ्या महिन्यात वही उघडून घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून आकडे वाचा. जे लिटर वाचले असतील त्यांचे रुपये करा आणि ते कशासाठी ठेवायचे, हे त्याच बैठकीत ठरवा.